मागे कोणी?

१

सर म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ. आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. रोज सकाळी नदीकाठच्या बागेत हात मागे बांधून, मान जरासुद्धा न वळवता ते चालायचे, आणि त्यांच्या मागून, ओरडून हाक मारली तरच ऐकू जाईल इतक्या अंतरावरून, त्यांचे वडील यायचे. हे अंतर वडिलांच्या म्हातारपणामुळे पडलेलं नव्हतं. सरच ते राखून होते.

वडिलांना सगळे अप्पा म्हणत. त्यांचा जन्म गेला शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अलीकडे डोकं ठिकाणावर राहत नव्हतं, आणि ते जे भटकायचं ते नेमकं जाऊन बसमध्ये चढायचं. तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच कायम त्यांच्या मुठीत. तो टक टक वाजवत ते वाटेच्या मधोमध उभे राहायचे आणि भल्याभल्यांना सांगायचे, "पुढे सरका. दारात गर्दी करू नका. पुढे मोकळंच आहे." फिरायला आलेली मंडळी हसायची. कोणी म्हणायचं, "कंडक्टरकाका, आज गाडी लेट का?" अप्पा खूश. सरांना मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होऊन जायचं.

कारण सर शहरातल्या नावाजलेल्या शाळेत उपमुख्याध्यापक होते. वरची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती, आणि बागेत फिरणाऱ्यांत निम्मे तरी पालक. ज्याचा बाप बगळ्यांना तिकीट विचारतो, त्याच्या हातात शाळा कोण देणार? असं दुसरं कोणी म्हणत नव्हतं हं. सर आपले स्वतःच म्हणत होते.

त्यावर त्यांनी तोड काढली होती. बागेत वाटा दोन. वरची वाट फरशीची, कठड्याची, चांगले बूट घालून फिरायची. खालची मातीची, पाण्याला लागून लव्हाळ्यांतून जाणारी, आणि तिच्यावर वळणापाशी एक दगडी बाकडं. तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. सर अप्पांना पायऱ्यांवरून खाली न्यायचे, बाकड्यावर बसवायचे, "इथंच थांबा, मी आलोच," म्हणायचे आणि वर येऊन आपल्या फेऱ्या मारायचे. अप्पा तिथं बसून नदीला सूचना द्यायचे.

ऊन चढलं की बाग बंद व्हायची. वरच्या धरणातून पाणी सोडत आणि खालची वाट बघता बघता बुडून जाई. त्याआधी फाटकावरचा वॉचमन शिट्टी मारायचा, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "मागे कोणी?" कधीकाळी काही घडलं असणार, त्याशिवाय असले नियम होत नाहीत. कोणी 'आहे' म्हटलं, तर तो माणूस येईपर्यंत वॉचमन फाटक लावत नसे. वेळ पडली तर स्वतः खाली उतरून हाताला धरून घेऊन यायचा. 'कोणी नाही' म्हटलं की विषय संपला. सवयीचे लोक हे उत्तर त्याच्याकडे न बघताच देत आणि किल्ल्या चाचपत निघून जात.

२

त्या दिवशी वरच्या वाटेवर सरांना कोणीतरी मागून हाक मारली. वळून बघतात तर शाळेच्या विश्वस्तबाई. मोठ्या घरच्या, स्वभावानं वाईट नाहीत, पण माणसाला पारखून घ्यायची सवय. शाळेचा शेवटचा शब्द त्यांचा.

"तुम्ही रोज येता? मला पत्ताच नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, एकटीला कंटाळा येतो."

सरांना आकाश ठेंगणं झालं. बाई बोलत होत्या आणि सर मान डोलवत होते. नव्या इमारतीचं झालं, परीक्षांचं झालं, मग बाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "त्या जागेचं आम्ही बघतोय. माणूस हुशार तर हवाच. पण चार लोकांत शोभणारा हवा."

"अर्थात," सर म्हणाले.

"खाली उतरू या का? पाण्याकाठी गार असेल."

"खाली चिखल असतो हो."

"असू दे. बूट धुता येतात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सर मुकाट्यानं त्यांच्यामागून पायऱ्या उतरले. अप्पा बसतील पाण्याकडे तोंड करून, आपण झपाझप पुढे निघून जाऊ, असा त्यांचा हिशोब. पण अप्पा बसलेले नव्हते. ते वाटेच्या मधोमध उभे होते. शर्टाची बटणं वरची खाली, खालची वर. आणि पँट पुढून ओली.

लांबूनच त्यांनी सरांना ओळखलं आणि चेहरा उजळला. "आले का पासवाले? या, तुमची जागा धरून ठेवलीय." लहानपणी सर त्यांच्या बसमध्ये फुकट फिरायचे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. तेव्हापासून अप्पांच्या तोंडी त्यांचं हेच नाव. मग अप्पांनी बाईंचा कोपर हलकेच धरला. "बाई, आपण कुठं उतरणार?"

बाई दचकून मागे झाल्या. "कोण हे? तुमच्या ओळखीचे आहेत का?"

सरांनी अप्पांच्या डोक्यावरून पलीकडे नदीकडे बघितलं. "नाही हो. असतात असे एकेक. इथं कोणाला अडवत नाहीत ना."

पंच वाजायचा थांबला. अप्पांनी एकदा सरांकडे नीट बघितलं. मग ते लव्हाळ्यांत मागे सरकले, वाट मोकळी करून दिली, आणि आयुष्यभर ज्या आवाजात परक्या लोकांशी बोलले त्याच आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. जाऊ द्या. साहेबांना उशीर होतोय."

सर पुढे गेले. बाईंना गाडीपर्यंत पोचवायचं आणि पळत माघारी यायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. फाटकाशी पोचले तोवर शिट्टी झाली होती.

"मागे कोणी?" वॉचमनने विचारलं.

बाई बाजूलाच उभ्या होत्या. सर म्हणाले, "कोणी नाही."

वॉचमन रोजचा. त्यानं सरांच्या मागे बघितलं, मग सरांकडे. "नक्की ना, सर?"

"किती वेळा सांगायचं? कोणी नाही."

बाई गाडीत बसल्या, काच खाली केली आणि त्यांना बोलायचं आठवत गेलं. सरांचा जीव टांगणीला. गाडी हलल्यावर ते धावत फाटकाशी आले, तर मोठं कुलूप. वॉचमन दुसऱ्या फाटकाकडे गेलेला. खालून पाणी आत शिरतं तेव्हा होतो तसा खळखळ आवाज येत होता. सरांनी फाटक गदागदा हलवलं. हाक मारायची होती. पण रस्त्यावर माणसं होती, म्हणून त्यांनी हाकसुद्धा हळूच मारली.

"झालं का, सर? निघू या?"

सर गर्रकन वळले. फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर अप्पा बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. शर्टाची बटणं जिथल्या तिथं. पँट कोरडी, आणि बुटांना मातीचा कण नाही.

३

वाटभर सरांच्या डोक्यात एकच घोळत होतं. 'सर' म्हणाले. अप्पा आपल्याला सर म्हणाले. टोमणा मारला, दुसरं काय? आणि मारावाच. आपण तरी कुठं तोंड दाखवायच्या लायकीचे उरलोय? एवढ्यावर त्यांनी स्वतःची समजूत काढली. राहता राहिलं अप्पा वर कसे आले ते. आले असतील एकटे, दिला असेल कोणी हात. बटणं त्यानंच लावली असतील. पँट उन्हानं वाळली असेल. तेवढ्या वेळात रुमालसुद्धा वाळला नसता, पण माणसाला जे हवं असतं ते पटायला वेळ लागत नाही.

"अप्पा, पंच कुठं आहे?" दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं.

"कसला पंच?" अप्पा म्हणाले.

घरी त्यांनी स्वतःहून पाय पुसले. जेवताना एक शीत सांडलं नाही. ताट स्वतः उचलून ठेवलं आणि सुनेला म्हणाले, "छान झालं होतं." ती बिचारी ओट्याशी उभी बघत राहिली. या घरात अप्पांची चादर, अप्पांचे कपडे, अप्पांची अंघोळ, सगळं तिच्या अंगावर. सर वडिलांना फक्त फिरवून आणायचे आणि त्याचंच कौतुक सांगायचे.

"अहो, गोळ्या लागू पडल्या वाटतं," ती आनंदानं म्हणाली.

"दिसतंय तसं," सर म्हणाले. फाटकाची गोष्ट सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते मूग गिळून बसले.

दिवस गेले आणि घर शांत झालं. फार शांत. पूर्वी अप्पांच्या खोलीतून सतत काही ना काही चालू असायचं. टक टक, गुणगुण, दिव्याची दोरी ओढून दिलेली डबल बेल, 'मध्ये सरका, मध्ये'. आता दारामागून काहीच येत नव्हतं. एका दुपारी सर दाराला कान लावून उभे राहिले. पलंग करकरला नाही, कोणी खाकरलं नाही, श्वाससुद्धा ऐकू येईना. त्यांनी दार लोटलं. अप्पा पलंगाच्या कडेला बसलेले, हात गुडघ्यांवर, तोंड दाराकडे.

"काही हवंय का, सर?"

"काही नाही. झोपला नाहीत?"

"झोपू का?"

सरांनी दार ओढून घेतलं. नंतर पुन्हा कधीतरी उघडून बघितलं, वेगळ्या वेळी. मग मुद्दाम, आवाज न करता, आणखी वेगळ्या वेळी. दर वेळी तेच. पलंगाची कड, गुडघ्यांवर हात, तोंड दाराकडे. म्हातारी माणसं बसतात अशी, त्यात काय एवढं, असं म्हणून सरांनी दार उघडून बघणंच बंद केलं.

४

बागेत मात्र आता मिरवण्यासारखा देखावा होता. अप्पा शेजारून चालायचे, पावलाला पाऊल जुळवून. अंतर राखायची गरज उरली नव्हती. बाकड्याकडे न्यायची तर नव्हतीच. सर खालच्या वाटेकडे बघायचेही नाहीत.

विश्वस्तबाई भेटल्या तेव्हा सर आपण होऊन थांबले. "हे माझे वडील," ते म्हणाले. किती सहज आलं तोंडातून.

अप्पांनी मान लववली. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या प्रसन्न हसल्या. "आता कळलं तुमच्यात हे वळण कुठून आलं. काय करायचात आपण?"

"नोकरी," अप्पा म्हणाले. एवढंच. सरांना बरं वाटलं.

बाई चालता चालता म्हणाल्या, "अहो, ते त्या दिवशीचे म्हातारे दिसले नाहीत परत. तिकीटवाले. मी नंतर मनाला लावून घेतलं हो. कोणाचे तरी असतील ना ते?"

सरांनी बाईंकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. बाई थट्टा करत नव्हत्या. ज्याच्या हाताचा स्पर्श त्यांच्या कोपराला झाला होता तो माणूस त्यांच्या शेजारी उभा होता, आणि त्यांना तो दुसराच कोणी वाटत होता. "असतील," सर म्हणाले.

आणि तेव्हाच, खालून, लव्हाळ्यांच्या मागून आलं. टक टक. थोडं थांबून पुन्हा, टक टक. मग वाऱ्यावर फाटत आलेला आवाज, "पुढे मोकळंच आहे..."

बाई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या. अप्पा समोर बघत उभे होते. सुतारपक्षी असेल, त्यांनी मनात म्हटलं. नदीपलीकडून कोणी बोलत असेल. पाण्यावरून आवाज लांबवर येतो, हे आपणच मुलांना शिकवतो.

शिट्टी झाली. "मागे कोणी?"

"कोणी नाही," सर म्हणाले, आणि दर दिवशी तेच म्हणत राहिले.

एका सकाळी वॉचमनने त्यांना बाजूला घेतलं. अप्पा फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले होते. "सर, एक विचारू? फाटक लावल्यावर खालून बोलणं ऐकू येतं. तुमच्या वडलांसारखंच. दोनदा उतरलो. बाकडं ओलं, बाकी कोणी नाही."

"मग नसेल कोणी."

"नसेल." वॉचमनने बाहेर उभ्या अप्पांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आधी एकटेच बोलायचे. हल्ली कोणाशी तरी बोलतात. हसतात. मी गरीब माणूस, मला यातलं कळत नाही. पण कोणी 'आहे' म्हणाल्याशिवाय मी फाटक उघडं ठेवू शकत नाही, सर. तुम्ही म्हणताय का?"

चोराच्या मनात चांदणं. सरांना वाटलं, हा माणूस सगळं ओळखून आहे. ते जरा चिडूनच म्हणाले, "माझे वडील ते काय, समोर उभे आहेत."

५

बायको धुतलेले कपडे घडी करत बसली होती. सर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून.

"अहो."

"हं."

"अप्पांची नखं वाढत नाहीत."

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "काय?"

"मी दर आठवड्याला कापते ना. वाढलीच नाहीत. दाढीसुद्धा तशीच. आज मी त्यांचा हात हातात घेतला तर ते म्हणाले, 'कापू का म्हणता? कापा.' आणि मला कापायला काही नव्हतंच." तिनं एक शर्ट झटकला, नीट घडी केली, आणि ती मोडून पुन्हा केली. "त्या दिवशी बागेत काय झालं?"

"कुठल्या दिवशी?"

"ज्या दिवशी ते बरे होऊन आले."

वर्तमानपत्राच्या आड सरांचा चेहरा तापला. आता बोललं तर मोकळं होता आलं असतं. बायको होती, परकी नव्हती. "काही नाही झालं," ते म्हणाले. बागेत बाईंसमोर एकदा जमलं होतं, आता घरातही जमायला लागलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "मी पण काही विचारत नाही. किती वर्षांनी मी दुपारी पाठ टेकते माहीत आहे? मला माहीत आहे हे बरोबर नाही. पण मी त्यांच्या खोलीचं दार बाहेरून लावून घेते आणि झोपते. माझी मला लाज वाटते."

दोघंही मग तिथंच बसून राहिली. पॅसेजच्या टोकाला अप्पांची खोली होती. तिच्या दाराला आतून काही धक्का लागला नाही, काही आवाज आला नाही. आणि तरी दोघांनाही वाटत राहिलं की कोणीतरी हे सगळं ऐकून घेतलंय.

सरांनी त्या रात्री ठरवलं. अप्पांना वर आणायचं. खाली जे कोणी होतं तेच अप्पा, हे आता त्यांच्या मनाला नाकारता येईना, मग बुद्धी काय वाटेल ते म्हणो. करायचं ते फार नव्हतं. फाटकाशी उभं राहून एक शब्द बोलायचा होता.

६

पण शब्द एक असला तरी तोंडात यायला हवा. त्या सकाळी फाटकावर पाटी लावलेली होती. पाणी वाढल्यामुळे उद्यापासून खालची वाट बंद, ती थेट हंगाम उलटल्यावर उघडणार. म्हणजे आजच. आज नाही तर नाही.

नेमक्या त्याच दिवशी विश्वस्तबाई लांबूनच हात हलवत आल्या. "अभिनंदन, मुख्याध्यापक." आजूबाजूची मंडळी गोळा झाली. पालक, ओळखीचे, बिनओळखीचे. हात हातात घेतले गेले. कोणीतरी अप्पांना म्हणालं, "काका, मुलानं नाव काढलं तुमचं." अप्पा म्हणाले, "सरांचं नाव मोठंच आहे." सगळ्यांना ते फार गोड वाटलं. सर हसत होते आणि त्यांचं बनियन घामानं पाठीला चिकटत होतं.

शिट्टी झाली. सगळा घोळका बोलत बोलत फाटकाशी आला. खालून टक टक ऐकू येत होतं आणि त्यामागे पाण्याचा आवाज, रोजच्यापेक्षा भरलेला.

"मागे कोणी?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "कोणी नाही," कोणी दुसरं म्हणालं. वॉचमनने सरांकडे बघितलं.

"आहे," सर म्हणाले.

घोळका थांबला. बाईंनी वळून बघितलं. "कोण आहे हो?"

आता सांगायचं होतं. अप्पा शेजारी उभे होते, सगळ्यांना दिसत होते, आणि सगळे वाट बघत होते. "एकजण आहे. मी घेऊन येतो," असं पुटपुटून सर वळले आणि पळत सुटले. कोण ते तेव्हाही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

पायऱ्यांवर धुकं होतं. पाणी सुटलं की तिथं असतंच, थंड पाण्याचं. शेवटच्या पायरीखाली वाट दिसत नव्हती, नुसतं तपकिरी पाणी लव्हाळ्यांतून हळूहळू आत येत होतं. सर त्या पायरीवर थांबले.

बाकडं होतं. अप्पा बाकड्यावर बसले होते, तोच शर्ट, त्याच वरखाली लागलेल्या बटणांचा. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, डोळे मात्र हसरे. हातातला पंच वाजवत ते काहीतरी सांगत होते. कुठल्या तरी घाटातली, रात्री बंद पडलेल्या गाडीची गोष्ट. सरांनी ती लहानपणी शंभरदा ऐकली होती आणि मोठेपणी एकदाही पुरी ऐकून घेतली नव्हती.

अप्पांसमोर पाण्यात कोणीतरी उकिडवं बसलं होतं. सरांकडे पाठ. तो माणूस अप्पांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांचे पाय चोळून चोळून धूत होता. मधूनच गोष्टीला हुंकार देत होता. आपली पाठ माणसाला कधी दिसत नाही, पण दिसली तर ओळखता येते. राखाडी शर्ट. डावा खांदा जरासा उतरलेला. डोक्यावर मागे विरळ होत गेलेलं ते वर्तुळ, ज्यावरून बायको चिडवायची. गोष्टीतली गंमत आली तसा तो माणूस हसला. सरांना आपलं हसू ऐकू आलं, आणि ते असं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

"अप्पा," सर म्हणाले.

अप्पांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नाही, ओळख नाही. कोणी वाट चुकलेला दिसला तर सज्जन माणूस बघेल, तसं बघितलं. मग वाकून त्या माणसाला हळूच काहीतरी विचारलं. कोण आहेत हे, असंच असणार.

त्या माणसानं मान थोडी वळवली. गाल दिसला, चष्म्याची कड दिसली. पुरता चेहरा त्यानं दाखवला नाही, आणि सरांना तो बघायचाही नव्हता. त्यानं खांद्यावरून सरांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. त्या नजरेत काय होतं हे सरांना कोणी सांगायला नको होतं. त्याला सरांची लाज वाटत होती. मग त्यानं ओला हात पँटला पुसला, अप्पांच्या गालावर ठेवला, आणि पोराला नको ते दिसू नये म्हणून आपण करतो तसं, अगदी हळुवारपणे, अप्पांचं तोंड नदीकडे वळवलं.

पाणी घोट्याइतकंच होतं. चार ढांगांत सर बाकड्यापाशी पोचले असते. तो विचार त्यांच्या मनात आला. पाय मात्र पायरीवरून हलला नाही, आणि मधे धुकं आलं तेव्हा, खोटं कशाला बोला, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. या सुटकेची लाज सगळ्यात मोठी होती. ते वर चढू लागले.

फाटकाशी सगळी मंडळी तशीच उभी होती. बाईंच्या कपाळाला आठी पडली होती. वॉचमनने कुलूप हातात धरलं होतं.

"एकटेच आलात," तो म्हणाला. "मागे कोणी आहे की नाही? नीट सांगा, सर. पाणी थांबत नाही."

सर सगळ्यांकडे बघत उभे राहिले. अप्पांची जागा घेतलेल्याकडेही त्यांनी बघितलं. तो शांतपणे त्यांच्याकडेच तोंड करून उभा होता.

"आहेत," सर म्हणाले. आवाज फुटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दोघं आहेत."

"कोण दोघं?"

"माझे वडील," सर म्हणाले. "आणि त्यांचा मुलगा."

कोणी हसलं नाही. वॉचमनने कुलूप खिशात टाकलं, फाटकाची दोन्ही दारं पार मागे ढकलली, आणि स्टूल ओढून पायऱ्यांकडे तोंड करून वाट बघत बसला.

"झालं का, सर? निघू या?"

सरांनी मान हलवली. दोघं रस्त्याला लागले, घराकडे न वळता, पावलाला पाऊल जुळवून. घरी बायको दुपारी पाठ टेकेल. मग केव्हातरी दाराची घंटी वाजेल, ती उठेल, दार उघडेल, आणि ओल्या पायांनी आलेल्या दोघांना बघून तिला काय वाटेल, ते सरांना चांगलंच माहीत होतं. तिला आनंद होणार होता.